‘हे म्हणणे खरे नाही की…’ : बलात्काराचे खटले, बचावाचा वकील आणि उलटतपासणीचा इतिहास

मागच्या वेळी ज्यूरीबद्दल बोलून मी खाली बसलो आणि चहाच्या वेळी एका बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, “बाकी सगळं ठीक आहे हो, पण असल्या गुन्ह्यातल्या आरोपीचं वकीलपत्र तुम्ही लोक घेताच कसं?” मी तेव्हा नेहमीचं उत्तर दिलं. राज्यघटना, कलम २२, प्रत्येकाला बचावाचा हक्क. त्या हसल्या आणि निघून गेल्या. उत्तर चूक नव्हतं, पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच, हे मला घरी गेल्यावर कळलं. आरोपीला वकील का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. तो वकील तिथे उभा राहून करतो काय, हे त्यांना विचारायचं होतं. म्हणून आजचं व्याख्यान.

मी तीसेक वर्षं विदर्भातल्या कोर्टांत फौजदारी वकिली केली, त्यामुळे सुरुवात पुस्तकातून न करता एका कागदापासून करतो. साक्षीदाराचा जबाब. आपल्याकडे सेशन्स कोर्टात साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात सहसा लिहिली जात नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते सलग कथनाच्या रूपात सांगतात, स्टेनो टाइप करतो. आधी सरतपासणी, मग उलटतपासणी. उलटतपासणीच्या पानांवर एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : “हे म्हणणे खरे नाही की…” जुने रेकॉर्ड ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे वाक्य पाठ असतं. वकिलानं काय विचारलं, कोणत्या आवाजात विचारलं, किती वेळा विचारलं, यातलं काहीही कागदावर उरत नाही. उरतो तो फक्त नकार. “हे म्हणणे खरे नाही की, माझे पूर्वीपासून अमुक इसमाशी संबंध होते.” कागदावर ही एक ओळ असते. कोर्टात ती वीस मिनिटं चाललेली असू शकते.

इतिहास लिहिणाऱ्याला हे नकार उलटे वाचावे लागतात. नकारावरून प्रश्न ओळखायचा, आणि त्या काळच्या वकिलाला तो प्रश्न उपयोगाचा का वाटला, ते शोधायचं. तसं शोधत गेलं की आपण १८७२ ला पोचतो.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडितानं भारतीय पुरावा कायदा तयार केला, तो १८७२ चा. त्यातलं कलम १५५ साक्षीदाराची विश्वासार्हता कशी खोडून काढता येते ते सांगतं. साक्षीदारानं लाच घेतली असेल, आधी वेगळं सांगितलं असेल, वगैरे. आणि चौथं पोटकलम : बलात्काराचा खटला असेल तर फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असं दाखवता येईल. आता बघा, चोरीच्या खटल्यात ज्याच्या घरी चोरी झाली तो उधळा आहे, हे सिद्ध करून चोर सुटत नाही. इथे मात्र कायद्यानंच वकिलाच्या हातात हत्यार दिलं होतं. त्यामुळे त्या काळचा वकील दुष्ट होता म्हणून असे प्रश्न विचारत होता, असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. ते कलम समोर असताना न विचारणं म्हणजे अशिलाचं नुकसान करणं, असंच तो शिकला होता.

दुसरी गोष्ट इंग्लंडातून आली ती सतराव्या शतकातल्या मॅथ्यू हेल या न्यायाधीशाची. हा आरोप करणं सोपं आणि ज्याच्यावर झाला त्याला तो खोडणं अवघड, तेव्हा न्यायाधीशांनी जपून असावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे दोन-अडीचशे वर्षं ते वाक्य जणू कायदाच असल्यासारखं वापरलं गेलं. बाईच्या साक्षीला दुसरा आधार हवा, नुसत्या तिच्या शब्दावर शिक्षा नको. १९५१ मध्ये रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं ते थोडं सैल केलं. निकाल न्या. व्हिव्हियन बोस यांचा. नागपूरकरांना हे नाव ओळखीचं आहे, ते इथलेच, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. खटल्यातली मुलगी आठ वर्षांची होती. बोस म्हणाले, दुजोरा हवाच असं कायदा म्हणत नाही. पण दुजोऱ्याशिवाय शिक्षा देण्यातला धोका न्यायाधीशाच्या मनात जागा असला पाहिजे. दार किलकिलं झालं, पण साखळी तशीच राहिली.

आता देसाईगंज. वडसा म्हटलं की तुमच्या लगेच लक्षात येईल. आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी सगळा चंद्रपूर. २६ मार्च १९७२ ची रात्र. एक आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, भावाकडे राहणारी, मजुरी करणारी. वय डॉक्टरांच्या अंदाजानं १४ ते १६. ती जिथे कामाला जायची त्या घरातल्या एका नातलग मुलाशी तिचं जमलं, लग्न करायचं ठरलं. भावानं पोलिसांत तक्रार दिली की बहिणीला पळवलं. सगळ्यांना ठाण्यावर आणलं, जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमाराला हेडकॉन्स्टेबल घरी गेले, बाकीचेही निघाले, आणि दोघा पोलिसांनी मुलीला मागे थांबवून घेतलं. बाहेर नातेवाईक उभे. आत दिवे गेले, दार बंद. तिनं बाहेर आल्यावर सांगितलं ते असं : एकानं ठाण्याच्या मागच्या बाजूला नेऊन बलात्कार केला, दुसरा दारूच्या नशेत अंगचटीला आला. बाहेर जमाव जमला, ठाणं पेटवून देऊ म्हणाला, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

हा खटला त्या मुलीच्या नावानं जगभर ओळखला जातो. मी तिचं नाव घेणार नाही. लॉ रिपोर्टमध्ये तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा आहे, आणि मला विचाराल तर तेच बरोबर आहे. खटला आरोपीच्या नावानं ओळखला जावा.

१ जून १९७४ ला सेशन्स कोर्टानं दोघांना सोडलं. निकालात मुलीला थापाडी म्हटलं होतं, आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे असंही. हे ‘सवयीचं’ आलं कुठून? वैद्यकीय अहवालातून. अंगावर जखम नाही आणि कौमार्यपटल पूर्वीच फाटलेलं, असं त्यात होतं. इथे तपासणी करणारा डॉक्टर, बचाव पक्ष आणि न्यायाधीश यांची एक साखळी दिसते. डॉक्टर एक वाक्य लिहितो, बचाव पक्ष ते उचलतो, निकालात ते चारित्र्य होऊन उतरतं. मध्ये कुणी थांबून विचारत नाही की त्या रात्री काय झालं याच्याशी त्या वाक्याचा संबंध काय.

१२ ऑक्टोबर १९७६ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक. हायकोर्टाचा मुद्दा साधा होता : पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसापुढे गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. शरण जाणं वेगळं आणि होकार वेगळा. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा दोघांना सोडलं. कारण? जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे जे झालं ते गडबडीशिवाय झालं. भीतीनं गप्प राहिली म्हणावं तर कायद्यातली भीती ही मृत्यूची किंवा इजेची. तशी भीती सिद्ध झालेली नाही.

फौजदारी वकील म्हणून मला एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. निकालातलं एक सूत्र बरोबर आहे. गुन्ह्याचा प्रत्येक घटक सरकारनं सिद्ध करायचा असतो, संमती नव्हती हेसुद्धा. हे सूत्र मोडलं तर उद्या कुणीही तुरुंगात जाईल. चूक सूत्रात नव्हती. चूक होती पुरावा वाचण्यात : ठाण्याचं बंद दार, रात्र, वर्दी, अनाथ मजूर मुलगी हे सगळं पुराव्यातच होतं, आणि ते कुणी पुरावा म्हणून वाचलं नाही.

वर्षभरानं, १६ सप्टेंबर १९७९ ला, चार कायदे-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. सुप्रीम कोर्टाच्या निकालावर कायद्याच्या प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहायचं, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पत्रात आक्रस्ताळेपणा नाही, ते एखाद्या वकिलाच्या युक्तिवादासारखं आहे. संमती आणि शरणागती यांतला फरक, मुलीची परिस्थिती, पोलिसांचा अधिकार. मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभी राहिली, ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. कोर्टात फेरविचार काही झाला नाही, ते दोघे सुटले ते सुटलेच. पण कायदा बदलला. विधी आयोगाचा ८४ वा अहवाल १९८० मध्ये आला आणि १९८३ मध्ये दुरुस्ती झाली.

त्या दुरुस्तीनं चार-पाच गोष्टी आल्या. पोलीस कोठडी, तुरुंग, हॉस्पिटल अशा ठिकाणी अधिकारात असलेल्या माणसानं केलेल्या बलात्काराला वेगळी, जास्त शिक्षा. खटला बंद दाराआड. पीडितेचं नाव छापणं गुन्हा. आणि पुरावा कायद्यात कलम ११४ अ : अशा कोठडीतल्या प्रकरणात आणि सामूहिक बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ती बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्ट संमती नव्हती असंच गृहीत धरेल. देसाईगंजला हे कलम असतं तर निकाल वेगळा लागला असता. विधी आयोगानं पूर्वीच्या संबंधांबद्दलच्या प्रश्नांना आळा घाला असंही सुचवलं होतं. ते मात्र राहून गेलं. १५५ चं चौथं पोटकलम जागच्या जागी राहिलं, आणखी जवळजवळ वीस वर्षं.

आता माझी गोष्ट. १९८५ च्या सुमाराची, एका जिल्हा कोर्टातली. मी ज्युनियर. आमचे सीनियर नावाजलेले, त्यांचं नाव घेत नाही, ते हयात नाहीत. आरोपी तरुण, मुलीला अनोळखी, प्रसंग अंधारातला. बचाव स्पष्ट होता : हा तो माणूस नव्हे. पोलिसांनी ओळख परेड घेतलीच नव्हती, फिर्यादीत वर्णन नव्हतं. सीनियरनी आदल्या रात्री मला प्रश्नांचा कागद लिहून घ्यायला लावला. पहिले वीस-बावीस प्रश्न ओळखीबद्दल. उजेड कुठून येत होता, किती अंतर, पोलिसांनी ठाण्यात आरोपी दाखवला होता का. उत्तम उलटतपासणी, आजही मी ती शिकवायला वापरीन. आणि शेवटचे पाच प्रश्न तिच्याबद्दल.

नवीन कायद्याप्रमाणे दार बंद झालं. दार बंद झालं तरी आत न्यायाधीश, स्टेनो, शिपाई, सरकारी वकील, आम्ही तिघे, आरोपी, पोलीस असे सगळे होतोच. बाई ती एकटी. वीस प्रश्नांची उत्तरं तिनं नीट दिली. त्या पाचांना तिनं उत्तरच दिलं नाही, जमिनीकडे बघत राहिली. न्यायाधीशांनी थोडं थांबून स्टेनोला सांगितलं, “हे म्हणणे खरे नाही की…” तिनं तसं म्हटलेलं नव्हतं. ती काहीच बोलली नव्हती.

आरोपी सुटला. ओळख सिद्ध झाली नाही म्हणून सुटला, आणि माझ्या मते योग्य सुटला. निकालात त्या पाच प्रश्नांचा उल्लेखही नव्हता. परतताना मी सीनियरना विचारलं, “सर, आपलं म्हणणं ‘हा माणूस तो नव्हेच’ असं आहे. मग ती कशी आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?” ते म्हणाले, “विचारायचे असतात.” रागावले नाहीत, खरोखर त्यांना प्रश्न कळला नव्हता. बघा, संमती होती हा एक बचाव आणि मी तिथे नव्हतोच हा दुसरा. दोन्ही एकत्र चालत नाहीत. तरी चारित्र्याचे प्रश्न दोन्हींत विचारले जायचे, सवयीनं, जेवणानंतर पान खावं तसे. त्या बाईंच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर माझ्याकडे हे आहे : वकीलपत्र घेण्याची मला लाज वाटलेली नाही, त्या कागदाचा खालचा भाग माझ्या अक्षरात आहे याची वाटते.

पुढे हे हळूहळू सुटत गेलं. १९९६ मध्ये गुरमीत सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं खालच्या कोर्टांना सुनावलं की उलटतपासणीत छळ होत असताना न्यायाधीशानं मूक प्रेक्षक होऊ नये. २००२ च्या दुरुस्तीनं १५५(४) अखेर काढून टाकलं. १८७२ ते २००२, मोजा : एकशे तीस वर्षं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलांना वकिलानं थेट प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांना द्यायचा आणि त्यांनी विचारायचा, अशी सोय झाली. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये, संमतीचा प्रश्न असेल तिथे पूर्वीचे संबंध गैरलागू, हे कायद्यात आलं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ‘दोन बोटांची तपासणी’ नाकारली, आणि ती तरीही चालूच राहिली म्हणून २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. देसाईगंजच्या अहवालातलं ते ‘सवयीचं’ इतकं चिवट निघालं.

मग बचावाचा वकील आता काय करतो? चारित्र्य गेलं, तेव्हा तो इतर गोष्टींकडे वळला. फिर्यादीला उशीर, जुनं वैमनस्य, वयाचा दाखला, डीएनएचे नमुने कुणाच्या ताब्यात किती दिवस होते. यातलं बरंच खरं वकिली काम आहे. उशिराचा प्रश्न मात्र कधीकधी जुनाच प्रश्न नवे कपडे घालून आल्यासारखा असतो.

आता दुसरी बाजू, ती कमी सांगितली जाते. १९५१ मध्ये जनार्दन रेड्डी खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की वकील करायची संधी मिळणं हा हक्क आहे, सरकारनं वकील पुरवणं हा नव्हे. म्हणजे पैसे असतील तर वकील. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ आलं : सेशन्स खटल्यात ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चानं वकील. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं कलम ३९ अ आलं, मग १९७९ चा हुसैनारा खातून निकाल. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात कोर्टानं सांगितलं की आरोपीनं मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, हे चालणार नाही. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात मोफत वकील अनेकदा त्याच सकाळी नेमला जायचा. बाररूममधून कुणाला तरी हाक मारायची, हातात चार्जशीट द्यायचं, अकरा वाजता साक्षीदार उभा. मी स्वतः अशी हाक ऐकून गेलेलो आहे. यावर सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्येच, बशिरा खटल्यात, असा बचाव म्हणजे बचावच नव्हे असं म्हणून शिक्षा रद्द केली होती.

आणि जिथे लोक चिडलेले असतात, तिथे वकील मिळतच नाही. बार असोसिएशन ठराव करते : याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं असे ठराव बेकायदा ठरवले. दोन वर्षांनी दिल्लीत साकेतच्या कोर्टात वकिलांनी तेच जाहीर केलं. आपल्या राज्यातही हे होतं, दर वेळी, आणि बातमीत त्याला ‘संवेदनशीलता’ म्हणतात.

त्याचा परिणाम काय होतो त्याचं उदाहरण खंडव्याचं, मध्य प्रदेशातलं, आपल्या सीमेपासून फार लांब नाही. जानेवारी २०१३, नऊ वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि खून. दिल्लीची घटना ताजी होती. एक तरुण पकडला गेला. त्याला विधी सहाय्याचा वकील मिळाला तो १९ फेब्रुवारीला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि पंधरवड्याच्या आत निकाल : फाशी. वृत्तपत्रांना ‘जलद न्याय’ मिळाला. हायकोर्टानं फाशी कायम केली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळा खटला रद्द करून पुन्हा चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली झालेलाच वकील नेमा, आणि त्याला तयारीला किमान सात दिवस द्या, असंही बजावलं. खटला पुन्हा चालला, पुन्हा फाशी झाली, ती पुन्हा रद्द झाली. डीएनएचा पुरावा नीट तपासला गेल्यावर २०२४ मध्ये कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. अकरा वर्षं. आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईबापांच्या हातात काय आलं? २०१३ च्या फेब्रुवारीत कुणी अनुभवी वकील आठ दिवस ते कागद घेऊन बसला असता, तर पोलिसांना तेव्हाच दुसरीकडे बघावं लागलं असतं. त्या बाईंच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर हे.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. ११४ अ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२० आहे, ३०४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३४१. आम्हा जुन्या लोकांना सगळं नव्यानं पाठ करावं लागतंय. जबाब लिहिण्याची पद्धत बरीचशी तशीच आहे. गेल्या महिन्यात एका तरुण वकील मैत्रिणीनं मला तिच्या खटल्यातला एक जबाब दाखवला, बचाव पक्ष तिचाच होता. त्यात एका ठिकाणी न्यायाधीशांनी प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला होता, खाली टीप : साक्षीदार गप्प राहिली. प्रश्न वेळेचा होता, साधाच, कुणालाही विचारता येईल असा. पण प्रश्न कागदावर होता, आणि तिचं गप्प राहणंही. पन्नास वर्षांनी कुणी ते वाचेल तेव्हा त्याला उलटं वाचावं लागणार नाही.

सव्वा तास झाला. प्रश्न असतील तर घेऊ या, आणि त्या बाई आल्या असतील तर पहिला त्यांचा.